अप्पांचे चाळीस सेकंद

आमच्या आजोळी मे महिन्याच्या सुट्टीत माडीवर सतरंजी टाकून मेंढीकोट चालायचा आणि त्यात खाणाखुणा हा खेळाचाच भाग होता. मामाने कान खाजवला की बदाम, नाकाला बोट लावलं की इस्पिक, आणि मावशी घसा खाकरली की तिच्याकडे दश्शी आहे हे समोरच्या पार्टीसकट सगळ्यांना कळायचं, मग आरडाओरडा, रडीचा डाव खडी, आणि पुन्हा पानं पिसायची. ते दिवस मला अजूनही तितकेच आवडतात. पण हे आधी सांगायचं कारण असं की छत्तिसाव्या वर्षी मी ब्रिज शिकायला बसले तेव्हा पत्ते म्हणजे डोक्यात हेच होतं, पार्टनरकडे काय आहे ते कसंही करून कळलं पाहिजे. ब्रिजमध्येही सगळा आटापिटा त्याचसाठी असतो, फक्त ते कुठल्या वाटेने कळायला हवं याचे नियम आहेत, आणि ते नियम अंगात मुरायला मला एक हरलेली मॅच आणि जवळजवळ दीड वर्ष लागलं.

शिकवलं अप्पांनी. अप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र, एमएसईबीतून रिटायर झालेले, सांगलीत मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी आमची चार टेबलं लागतात तिथले सगळ्यात जुने खेळाडू. पहिले सहा महिने त्यांनी मला नुसतं मोजायला लावलं. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १ हे पॉइंट कोणालाही दोन मिनिटांत पाठ होतात, अप्पांचा जोर त्याच्यावर नव्हताच, ते म्हणायचे "पॉइंट नंतर मोज गं, आधी पानं मोज." म्हणजे प्रत्येक रंगाची किती पडली, कोणी कधी रंग तोडला, कोणाकडे किती उरली असतील. घरी कणीक मळताना पण माझं चार-तीन-तीन-तीन, पाच-चार-तीन-एक असं तेरा करणं चालू असायचं.

त्याच सुमाराला, २०१८ ला, जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये पहिल्यांदाच ब्रिज होतं आणि प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या बंगालच्या जोडीने पुरुषांच्या पेअर्सचं, म्हणजे जोड्यांच्या स्पर्धेचं, गोल्ड आणलं, एक साठ वर्षांचे आणि एक छप्पन्न. त्या दिवशी अप्पांनी टेबलावर पेढे ठेवले. माझ्या सासूबाई तोवर "पत्ते खेळायला जातेस?" म्हणायच्या, त्यानंतर "ब्रिजला जातेस?" म्हणायला लागल्या. ते माझ्या फार मनात राहिलंय, एवढ्या एका शब्दासाठी त्या दोघांचे आभार मानावेत असं वाटतं.

ज्यांना स्पर्धेचं ब्रिज माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की यात चांगली पानं आली म्हणून कोणी जिंकत नाही. चौघांची पानं एका बोर्डच्या चार खाचांत असतात, खेळताना कोणी पानं मध्ये टाकत नाही, आपापल्या समोर ठेवतो आणि डाव झाला की तीच तेरा पानं परत खाचेत, आणि तो बोर्ड दुसऱ्या टेबलवर जातो. टीममध्ये आपली एक जोडी इकडे उत्तर-दक्षिण बसते, दुसरी तिकडे त्याच बोर्डला पूर्व-पश्चिम, म्हणजे वाईट पानं इकडे आपल्याला आली तर तिकडे तीच वाईट पानं समोरच्यांना आलेली असतात. दोन्ही टेबलांच्या स्कोअरमधला फरक काढायचा आणि त्याचे आयएमपी, म्हणजे मॅचचे गुण, करायचे. बोली, म्हणजे हुकूम कुठला आणि सहाच्या वर किती ट्रिक (मेंढीकोटातले हात) करू हे, तोंडाने लावायची नाही, बिडिंग बॉक्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवायचं, कारण आवाजातून पण बरंच काही कळतं. "पास" कसं म्हटलं यावरून आमच्या मामाने अख्खा हात ओळखला असता.

तर पहिली मोठी स्पर्धा. पुण्यात होती, स्टेट लेव्हलची, नाव सांगत नाही कारण त्यात त्यांचा काही संबंध नाही. टीममध्ये मी आणि अप्पा, आणि दुसरी जोडी आमच्याकडचे एक डॉक्टर आणि त्यांचा मेव्हणा. आठ-आठ बोर्डांच्या मॅच. पहिल्या दोन मॅच मला आठवत सुद्धा नाहीत इतकी मी घाबरलेली होते, पण तिसरीपासून हात बसला. चौथ्या मॅचचा पाचवा बोर्ड, दोन्ही बाजू व्हल्नरेबल (म्हणजे जिंकलं तर गुण जास्त आणि पडलं तर दंडही जास्त), माझ्याकडे एक्का-राणी-गुलामाची सहा इस्पिकं, बदामाची एकटी चौकी, चौकटचा राजा-गुलाम-तिर्री, आणि किलवर राणी-अठ्ठी-दुर्री. मी वन स्पेड (इस्पिक) उघडलं, डावीकडून टू हार्ट (बदाम), अप्पा टू स्पेड, उजवीकडून थ्री हार्ट, मी थ्री स्पेड, डावीकडून फोर हार्ट. आणि अप्पा थांबले.

किती थांबले ते मला नक्की सांगता येतं कारण समोर भिंतीवर घड्याळ होतं, चाळीस सेकंद. एकदा बॉक्सकडे हात गेला, परत आला, चष्मा काढून पुसला, आणि मग हिरवं पासचं कार्ड. उजवीकडचे पास. आता पाळी माझी. मी खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात चोरी वगैरे काही नव्हतं, मी माझ्या सहा इस्पिकांकडे आणि एका बदामाकडे बघितलं आणि फोर स्पेड ठेवलं. डावीकडचे गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "आधी जरा वेळ गेला होता, मान्य आहे ना?" अप्पा लगेच म्हणाले हो, मी थांबलो होतो. डायरेक्टर, म्हणजे स्पर्धेचे पंच, आले, ऐकून घेतलं, म्हणाले खेळा, नंतर काही वाटलं तर बोलवा. फोर स्पेड बरोब्बर झालं, दहा ट्रिक, ६२०. त्यांनी डायरेक्टरना परत बोलावलं.

डायरेक्टरनी माझी पानं आणि बिडिंग एका कागदावर लिहून घेतलं आणि ते हॉलमध्ये फिरायला गेले. मला वाटलं नियमांचं पुस्तक बघायला गेलेत. दहा मिनिटांनी आले आणि निर्णय दिला, स्कोअर बदलून फोर हार्ट एक डाऊन (म्हणजे एक ट्रिक कमी पडली असं धरून), आम्हाला ६२० च्या ऐवजी १००. तिकडच्या टेबलवर आमच्या डॉक्टरांनी फोर हार्टच खेळून एक डाऊन केलं होतं, म्हणजे जो बोर्ड आम्हाला ११ आयएमपी देणार होता तो शून्य झाला, आणि मॅच आम्ही ४ ने हरलो.

मी रडले नाही पण बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवून आले. मला वाटत होतं की माझ्यावर चोरीचा शिक्का बसला, चारचौघांत. स्वारगेटहून सांगलीची रात्रीची एसटी पकडली, साताऱ्याला गाडी थांबली तोपर्यंत मी अप्पांशी एक शब्द बोलले नव्हते. तिथे चहा घेताना म्हटलं, अप्पा, माझी सहा इस्पिकं होती, मी कोणालाही विचारून सांगते ते बिड करणारच. अप्पा म्हणाले, "असेल की. पण तू थ्री स्पेड म्हणून तुझं सांगून झालेलं होतं, पुढचं ठरवायचं मला होतं, आणि मी पास म्हटलं. माझ्या पासचं तू ऐकलं नाहीस, माझ्या थांबण्याचं ऐकलंस." मला तेव्हा ते अजिबात पटलं नाही. उलट राग आला, की थांबलात तुम्ही आणि शिक्षा मला.

नियम असा आहे की थांबणं हा गुन्हा नाहीच. विचार करायचा खेळ आहे, लोक विचार करणारच. पण पार्टनरच्या थांबण्यातून, चेहऱ्यातून, कार्ड ठेवायच्या पद्धतीतून तुम्हाला काही कळलं, आणि तुमच्यापुढे दोन-तीन वाजवी पर्याय आहेत, तर त्या कळण्यामुळे जो पर्याय जास्त सोयीचा दिसतो तो तुम्ही घ्यायचा नाही. अप्पा चाळीस सेकंद थांबून पास गेले म्हणजे त्यांच्याकडे सरळ पासचा हात नव्हता, काहीतरी जास्त होतं, हे टेबलवरच्या चौघांनाही कळलेलं होतं. मग माझं फोर स्पेड सुरक्षित झालं. नुसतं पानांवरून ते तेवढं सुरक्षित नव्हतं. यात माझा हेतू काय होता हे कोणी विचारतच नाही, आणि हेच मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, की स्कोअर बदलला म्हणजे मला चोर म्हटलं असं नाही, नुकसान भरून काढलं एवढंच.

ते कधी पटलं तेही सांगते. सात-आठ महिन्यांनी कोल्हापूरला एका पेअर्स स्पर्धेत आमचा राउंड लवकर संपला होता, मी चहाचा कप घेऊन उभी होते, तर डायरेक्टर माझ्याजवळ आले आणि एक कागद दाखवला. त्यावर कोणाचातरी हात होता आणि बिडिंग, म्हणाले या हातावर तुम्ही काय कराल, आणि दुसरं काय करावंसं वाटेल? मी बघितलं, सात चौकट, बाहेर फारसं काही नाही, आपलं एकदा सांगून झालंय, पार्टनर पास. मी म्हटलं पास, दुसरं काही मनात पण येत नाही. ते थँक्यू म्हणून पुढच्या माणसाकडे गेले. आणि मग माझ्या लक्षात आलं की ते पुण्याचे डायरेक्टर कागद घेऊन हॉलमध्ये कशाला फिरत होते. माझ्याच लेव्हलच्या चार-पाच जणांना, अप्पांचं थांबणं न सांगता, माझाच हात दाखवून विचारत होते, आणि त्यातले बरेच जण पास म्हणाले असणार, जसं मी आत्ता बिनदिक्कत म्हटलं. ज्या माणसाच्या हातावर मी पास म्हणाले तो सुद्धा आत टेबलवर बसून "मी तर कधीही बिड करणारच" म्हणत असेल. तो कप मी तसाच खिडकीत ठेवला, चहा गार झाला.

घरी येताना मी अप्पांना म्हटलं, तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, माझंही चुकलं होतं, मी चाळीस सेकंद घ्यायला नको होते. मग आम्ही दोघांनी त्याच्यावर कामच सुरू केलं. आपली पाळी यायच्या आधी ठरवायचं, डावीकडून तीन हार्ट आलं तर काय, चार आलं तर काय. प्रत्येक बिडला सारखाच वेळ घ्यायचा, सोपा पास असला तरी मनात दोन-तीन मोजून मगच कार्ड, नाहीतर झटकन टाकलेला पास पण बोलतोच. स्टॉप कार्ड ठेवून कोणी मोठी उडी मारली की पुढच्याने दहा सेकंद थांबायचंच असतं, काही विचार करायचा असो वा नसो, पानांकडे बघत बसायचं, छताकडे बघून "मला काही घेणंदेणं नाही" असं दाखवायचं नाही. आणि डिफेन्स करताना, म्हणजे समोरच्यांची बोली पाडायला खेळताना, हातात त्या रंगाचं एकच पान असेल तर ते लगेच टाकायचं, थांबून डिक्लेअररला (बोली जिंकून खेळणाऱ्याला) फसवायचं नाही, पान टाकून फसवायला परवानगी आहे, वेळ घेऊन फसवायला नाही. हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

चुकीच्या एक्सप्लनेशनचं पण असंच. पार्टनरने माझ्या बिडचा अर्थ समोरच्यांना चुकीचा सांगितला आणि खेळणार आम्ही असू, तर पहिलं पान पडायच्या आधी मी स्वतः डायरेक्टरना बोलावून दुरुस्त करायचं, पण आम्ही डिफेन्सला असू तर डाव संपेपर्यंत गप्प बसायचं, कारण मध्येच बोलले तर ते माझ्या पार्टनरलाही कळेल. सुरुवातीला मला हा उफराटा नियम वाटायचा, आता वाटत नाही.

मोठ्या स्पर्धांत पडदे असतात, टेबलावर तिरपा पडदा, पार्टनर दिसतच नाही, बिडिंगचा ट्रे खालून सरकतो, म्हणजे उशीर झाला तर तो पलीकडच्या दोघांपैकी नक्की कोणामुळे हे पण कळत नाही. अप्पांनी सांगितलेलं की १९७५ च्या बर्म्युडा बोलला, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाला, पहिल्यांदा पडदे लावले तर टेबलाखाली एक खेळाडू पार्टनरच्या पायाला पाय लावताना दिसला, कारण पडदा खालपर्यंत नव्हता. आणि २०१५ चं प्रकरण तर मी स्वतः व्हिडिओ बघत बसले होते. नॉर्वेच्या बोये ब्रोगेलंडने, आधी ज्यांच्याबरोबर एका टीममध्ये खेळून स्पर्धा जिंकल्या होत्या त्याच इस्रायली जोडीवर उघड आरोप केला, आणि जगभरच्या खेळाडूंनी रेकॉर्डिंग बघून शोधून काढलं की बोर्ड टेबलावर कुठे ठेवला यावरून ते कुठला रंग खेळायचा हे एकमेकांना सांगत होते. माझ्या पोटात कालवलं. एवढं सुंदर डोकं असलेली माणसं, आणि आमच्या मामासारखं कान खाजवणं! मामा निदान सगळ्यांसमोर हसत हसत करायचा.

आता ती मॅच, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. पुढच्या वर्षी, परत पुणे, तीच चौघांची टीम.

तिसरा बोर्ड, आम्ही व्हल्नरेबल. डावीकडच्या बाईंनी स्टॉप ठेवून थ्री डायमंड (चौकट) उघडलं, अप्पा दहा सेकंद थांबून पास, उजवीकडचे पास, मी पाच इस्पिकांवर थ्री स्पेड, अप्पांनी फोर केलं. बाईंनी चौकटचा एक्का, राजा, राणी लागोपाठ काढले, उजवीकडच्यांकडे चौकट एकच, ते नंतर दोन किलवर फेकून मोकळे झाले, आणि तिसरी चौकट मी इस्पिकाने मारली. आता मला बदामाची एक ट्रिक जाणारच होती, म्हणजे किलवरमध्ये एकही द्यायची नव्हती. माझ्याकडे किलवर एक्का-दश्शी-तिर्री, समोर डमीत, म्हणजे अप्पांच्या टेबलावर उघड्या ठेवलेल्या पानांत, राजा-गुलाम-छक्की-चौकी, राणी बाहेर. ती डावीकडे आहे का उजवीकडे, दोन्ही बाजूंनी फिनेस (राणीला मध्ये पकडायची चाल) करता येत होता.

मी किलवरला हातच लावला नाही. इस्पिकं काढली, तीन वेळा, बाईंनी दोन दिली आणि तिसऱ्यावर चौकट फेकली. बदामाचा एक्का, बदामाचा राजा, आणि तिसरा बदाम देऊन टाकला, बाई तिन्ही वेळा बदाम देत होत्या. उजवीकडच्यांनी ट्रिक घेऊन चौथा बदाम खेळला, मी शेवटच्या इस्पिकाने मारला, डमीतून किलवरची चौकी गेली. आणि मग मी थांबले आणि मोजलं, जसं कणीक मळताना मोजायचे. बाईंची सात चौकट, दोन इस्पिक, तीन बदाम. बारा. म्हणजे किलवर एक, फक्त एक. बाकी सगळे उजवीकडे. त्या बाई कशा बसल्यात, त्यांचा हात थरथरतोय का, कोणी चष्मा पुसला का, मला कशाचीही गरज नव्हती. किलवरची तिर्री खेळून डमीचा राजा घेतला, बाईंचं एकमेव किलवर, अठ्ठी, त्याच्यावर पडली. मग डमीतून गुलाम, उजवीकडून लहान, मी खाली दश्शी सोडली, आणि बाईंनी चौकट टाकली. गुलाम उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला होता. अप्पा डमी असल्यामुळे काही बोलू शकत नव्हते, नुसती पानं गोळा करताना दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक केलं, डाव संपल्यावर.

आणि सहावा बोर्ड. मी परत वन स्पेड उघडलं होतं, परत सहा इस्पिकं, परत हार्टवाले चढत चढत फोर हार्टला गेले, या वेळी ते व्हल्नरेबल आणि आम्ही नाही. इतकी तयारी करून सुद्धा अप्पा थांबले. पंधरा-वीस सेकंद असतील, पण थांबले, आणि मग पास. उजवीकडचे पास. मी पानांकडे बघितलं आणि मला स्पष्ट दिसत होतं की अप्पांकडे काहीतरी आहे, फोर स्पेड म्हटलं तर दोन-एक डाऊन जाईल फार तर, त्यांच्या फोर हार्टपेक्षा स्वस्त. दिसत होतं हे खरं, पण मला ते पानांतून दिसत नव्हतं. मनात दोन-तीन मोजले आणि पास ठेवला. फोर हार्ट झालं.

मॅच संपल्यावर आम्ही चौघे बाहेर व्हरांड्यात स्कोअर जुळवायला उभे राहिलो. डॉक्टर एकेक बोर्ड वाचत होते. तिसऱ्याला मी म्हटलं प्लस सहाशे वीस, त्यांनी मान वर करून बघितलं, म्हणाले तिकडे त्यांनी किलवरची राणी चुकवली, एक डाऊन, आम्हाला प्लस शंभर, बारा आयएमपी आपले. मग चौथा, पाचवा.

"सहा?"

"मायनस सहाशे वीस," मी म्हटलं.

"फोर स्पेड नाही घेतलंस? तिकडे त्यांनी घेतलं, आम्ही डबल करून दंड वाढवला, दोन डाऊन, प्लस तीनशे."

मी काही बोलले नाही. अप्पा म्हणाले, "मी थांबलो होतो."

डॉक्टरांनी एकदा अप्पांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, "बरं" म्हणाले, कार्डावर मायनस आठ लिहिलं, आणि म्हणाले, "सात?"